शेवटच्या घराची घागर

धर्मपाल नगराळेनं कोणाच्या अंगणात पाय टाकला की रामराम नाही, जयभीम नाही, आधी विचारतो, "लाइन हाये का?" लाइन म्हणजे वीज. समोरचा "हाये" म्हणाला की याचा जीव खाली बसतो, मग खुशाली. बंद पडलेली वस्तू पाहिली की या माणसाला घास गिळत नाही. एकदा तेरवीच्या पंगतीत याच्या डोक्यावरचा पंखा बंद होता, तर पत्रावळ सोडून हा आधी पंख्याला भिडला. वाढणारे ओरडले, "अबे धर्म्या, भात थंडा होऊन राह्यला ना!" पंखा फिरला तेव्हा भात संपला होता.

मारेगाव तालुक्यातलं हिवरदरी हे त्याचं गाव. दहावी नापास झाल्यावर राळेगावला मोटार वायंडिंगच्या दुकानात चार वर्षं राबला आणि हातात कसब घेऊन परत आला. तेव्हापासून गावातला मोटारपंप, मिक्सर, मीटर, काय बिघडेल ते धर्मपालचं. कंबरेला पकड आणि खांद्यावर शिडी. शिडी स्वतःची, बांबूची, अकरा पायऱ्यांची. ज्या घराला आतून जिना आहे तिथंही तो शिडी बाहेरूनच लावतो. आतून ये असं कोणी म्हणत नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. निम्म्या गावाची छपरं त्याला तोंडपाठ आहेत. कोणाचं कवेलू फुटलं, कोणाच्या टिनाला भोक पडलं, विचारा. स्वयंपाकघर मात्र एकाही घरचं त्यानं पाहिलेलं नाही.

हिवरदरीत मोबाइलची रेंज एकाच जागी, शाळेमागच्या चिंचेखाली. तेही उभं राहून, तोंड मारेगावकडं करून. म्हणून नागपूरच्या कॉलेजातली पोरं आणि त्यांचे सर गावात इंटरनेट घेऊन आले, तेव्हा गाव हरखलं. त्यांची योजना साधी होती. पाण्याच्या टाकीवर डिशची एक छत्री, आणि तिथून पुढं छपरा-छपरावर एकेक डब्बा. प्रत्येक डब्बा आपल्या घरचं घेणार आणि शेजाऱ्याचं पुढं ढकलणार. विहिरीवर बाया रांगेनं उभ्या राहून हातोहात बादली सरकवतात, तसं. तार नाही, कंपनी नाही. सारं गावाचं.

डब्बे बसवायला शिडी कोणाची? धर्मपालची. साठ डब्बे त्यानं स्वतःच्या हातानं ठोकले. साठावा त्याच्या घरावर, कारण त्याचं घर शेवटचं. त्याच्या पलीकडं धुरा, म्हणजे शेताचा बांध, धुऱ्यापलीकडं वावरं, मग नाला, आणि नाल्यापल्याड टेकडीवर कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती.

सहा महिने बरं चाललं. मग लोकांचं सुरू झालं. आपलं पाहून झालं की बटन बंद. "माह्या घरची लाइन जाऊन दुसऱ्याचा सिनेमा कायले चालवू?" मधला एक डब्बा बंद झाला की त्याच्यामागची पाच घरं आंधळी. आणि कोणाचाही बंद झाला तरी धर्मपालचा आधी मरायचा. तो रोज शिडी घेऊन गावभर हिंडे, बटनं चालू करत. हा खाली उतरला की मागून बटन पुन्हा खाली.

शेवटी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मीटिंग झाली. नागपूरचा राजदीप सर आला होता. कोवळा पोरगा, दाढी नुकतीच फुटलेली, पण जीव लावून काम करणारा. लोकं एकमेकांवर खेकसत होती तेव्हा मागच्या कोपऱ्यातून धर्मपाल उभा राहिला.

"सर, जो दुसऱ्याचं वाहून नेईन त्यालेच जादा भेटलं पाह्यजे. जो बटन दाबून झोपन त्याले कायले द्या? असं मशीनमधीच बसवा. मानसाच्या हाती ठेवू नोका."

ओट्यावरच्या बापूजींनीही मान डोलावली. बापूजी म्हणजे गावातले मोठे कास्तकार, दुमजली घर, तोंडाचे फटकळ पण मनात काही न ठेवणारे. "बराबर बोलला धर्म्या. मशीनले कोनाचं तोंड दिसत नाही."

तो ठराव झाला. दिवाळीनंतर राजदीप सरनं सगळ्यांच्या फोनमध्ये नवीन चित्र टाकलं. एक घागर. तुमच्या डब्ब्यानं दुसऱ्याचं जितकं वाहून नेलं तितकी तुमची घागर भरणार. तुम्ही स्वतः वापरलं की रिकामी होणार. जिथं चार जणांची गर्दी असेल, तिथं भरल्या घागरीवाल्याला आधी मिळणार.

गाव सुतासारखं सरळ झालं. आठ दिवसांत एकही बटन बंद होईना. बापूजींचं घर ऐन मध्यावर, त्यांच्या डब्ब्यावरून अकरा घरांचं जायचं, धर्मपालचंही. त्यांची घागर काठोकाठ. म्हातारा दिवसभर ओट्यावर बसून कुस्त्या पाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घागर दाखवी.

धर्मपालची घागर कोरडी ठणठणीत.

आधी त्याला वाटलं आपला डब्बाच बिघडला. खोलला, पुसला, पुन्हा लावला. काही नाही. मग चिंचेखाली जाऊन राजदीप सरला फोन लावला.

"भाऊ, डब्बा चांगला आहे," सर म्हणाला. "पण तुमच्या पलीकडं कोणी नाही ना. कोणाचं वाहणार तुम्ही?"

"पलीकडं वावर हाये साहेब. अन् वावरात डुकरं हायेत."

सर हसला. म्हणाला, "हे आमच्या ध्यानातच नाही आलं भाऊ. पाहतो मी काही."

तो खरंच पाहत होता. पण नियम बदलायचा तर पुन्हा मीटिंग घ्यावी लागणार, आणि भरल्या घागरीची एकोणसाठ घरं एका रित्या घागरीसाठी मीटिंगला येतात थोडीच.

घरी इंदूबाईनं, म्हणजे धर्मपालच्या बायकोनं, भाकरी थापता थापता फोनमधली घागर पाहिली. "साऱ्या गावाच्या भरून आला, अन् घरची रिती. कोनी सांगतलं होतं मीटिंगमधी उभं राहाले?"

"नियम बराबर हाये तो."

"हाये ना. नियम बराबर, आपलं घरच चुकीच्या जागी हाये."

धर्मपालनं भाकरी मोडली. पण डोकं चालूच होतं. पलीकडं कोणी नाही, तर पलीकडं कोणी करायचं. फेब्रुवारीत त्यानं राजदीप सरकडून एक जुना डब्बा मागून आणला, मोटारसायकलची एक बॅटरी आणली, आणि पोडावर गेला. तिथं लेतू टेकाम त्याच्या ओळखीचा. मजुरी करणारा, कमी बोलणारा माणूस. पोडापर्यंत विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. लेतूकडं सरकारी योजनेतला सोलर होता, दोन बल्ब जळायचे. त्याच्यावरच धर्मपालनं बॅटरी आणि डब्बा जोडून दिला.

"याच्यावर तुमच्या पोट्ट्याइले फोन पाहता येते. फक्त बाहेर जासान तवा बटन बंद करत जाजो. नाहीतं बॅटरी बसन अन् रात्री बल्बही नाही जळनार."

लेतूनं बटन दोनदा चालू-बंद करून पाहिलं. "जातानी बंद. आल्यावर चालू."

"बस. इतकंच."

धर्मपाल टेकडी उतरला तो हिशेब मांडतच. आता पोडाचं सारं आपल्या डब्ब्यावरून जाईल, आपली घागर भरेल. घरी येऊन पाहिलं तर घागर तशीच. दुसऱ्या दिवशी तशीच. आठ दिवसांनी तशीच. पुन्हा चिंच, पुन्हा फोन.

सरनं तिकडून पाहिलं. मग म्हणाला, "भाऊ, डब्बे वाट आपली आपण शोधतात. ज्याची हाक खणखणीत, त्याच्याकडं जातात. पोड टेकडीवर आहे, त्याला पाण्याची टाकी सरळ दिसते. तो तुमच्याकडं येतच नाही, परस्पर टाकीला बोलतो. आणि तुम्हाला बापूजींच्या माडीपेक्षा पोडाची हाक जोरात येते. तुमचंच आता पोडावरून जातंय."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या घरचं ओझं लेतूभाऊ वाहतात. घागर त्यांची भरते."

धर्मपाल चिंचेच्या बुडाशी बसला. मग त्याला हसू आलं. आपण स्वतः टेकडी चढून, स्वतःच्या हातानं, आपल्याही पलीकडं एक घर नेलं, आणि तरी शेवटचे आपणच.

एक मात्र झालं. पोडाच्या वाटेवर गर्दी नव्हती. रित्या घागरीलाही तिथून चालून जाई. फोन चालायला लागला, मग धर्मपालनं विषय सोडला. चालू आहे ना, मग झालं.

त्यानंतर महिन्याभरात टाळेबंदी लागली. एसटी बंद, बाजार बंद, कापसाची खरेदी बंद. लोकांचा कापूस घरात पडून. ज्या खोलीत निजायचं तिथं कापूस, देव्हाऱ्यासमोर कापूस. उन्हाळ्यात त्यात किडे झाले, आणि सारं गाव अंग खाजवत हिंडू लागलं. बापूजींची माडी तर छतापर्यंत भरलेली. आदल्या सालांत अळीनं खाल्लं, या साली पिकलं तर घेणारा नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात धर्मपालची पोरगी, दीपा, पास काढून भाजीच्या गाडीनं नागपूरहून आली. तिथं एका मोठ्या दवाखान्यात ती दोन वर्षांपासून वॉर्डात कामाला होती. पेशंटला उचलणं, चादरी बदलणं, लघवीचं भांडं देणं. नर्सबाई इंजेक्शन देताना ही मन लावून पाहायची. दवाखान्यानं ठरवलं होतं, आपल्या कामवाल्यांतून दोन पोरी नर्सिंगच्या शिक्षणाला घ्यायच्या, राहणं-खाणं फुकट. अर्ज आले सत्तावीस. दीपाचं नाव शेवटच्या सहांत लागलं. मुलाखत तेवढी राहिली होती, तीही फोनवर, तोंड दिसेल अशी. गुरुवारी सकाळी साडेदहा, वीस मिनिटं. जी वेळेवर दिसणार नाही तिचा नंबर गेला.

गावात पाय ठेवताच दीपाच्या हातावर शिक्का बसला. चौदा दिवस उंबरठ्याबाहेर नाही. म्हणजे चिंचेखाली जाणं नाही, पंचायतीत जाणं नाही, कोणाच्या ओट्यावर बसणं नाही. जे काय ते शेवटच्या घरातून आणि शेवटच्या डब्ब्यावरून. धर्मपालला बाहेर फिरायची मुभा होती, फक्त कोणाच्या घरात शिरायचं नाही. बापूजी म्हणाले, "तो तसाही कवा शिरला?"

दीपानं तीन दिवस रोज संध्याकाळी सहाला नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावून पाहिला. चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. धर्मपाल दाराशी उभा राहून ऐके. पोरगी सांगत असे, सलाईनमधी हवा गेली तर काय करावं, बीपी कसा पाहावा. त्याला त्यातलं कळत नव्हतं, पण कुठंही खरखर नाही एवढं त्याच्या कानाला कळत होतं.

"बाबा, चांगलं चालून राह्यलं ना?"

"एकदम लाइन क्लियर."

आता इथं धर्मपालची चूक झाली. त्याच आठवड्यात तेंदू लागला होता, विडीच्या पानांचा हंगाम. पहाटे पोडावरचा माणूस न् माणूस पानं तोडायला जंगलात जातो आणि सूर्य डोक्यावर आला की परततो. धर्मपालनं स्वतः नाल्यावरून बाया जाताना पाहिल्या होत्या, एकीला हटकलंही होतं, "पान कसं हाये औंदा?" पण पान आणि डब्बा या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. चाचणी घेतली ती सगळी संध्याकाळची. संध्याकाळी लेतू घरी असतो.

गुरुवारी सकाळी दहाला दीपा आंघोळ करून, केस घट्ट बांधून बसली. मागं इंदूबाईनं धुतलेली चादर बांधली, भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून. धर्मपालनं फोन पाहिला. दीपाचं तोंड पडद्यावर तुकड्या-तुकड्यानं येत होतं. डोळे एकीकडं, हनुवटी दुसरीकडं.

तो शिडी चढला. डब्ब्यावरचा दिवा हिरवा, पण तो बापूजींच्या माडीकडं बोलत होता. टेकडीकडं पाहिलं. लेतूच्या घरावरचा डब्बा इथून दिसतच नाही, पण पोडावर धूर नव्हता, माणूस नव्हता. तेव्हा कुठं त्याला पान आठवलं.

"बापूजी!" तो छपरावरूनच ओरडला. "तुमच्या घरचे फोन बंद करा जी! माह्या पोरीची मुलाखत हाये!"

बापूजी ओट्यावर उभे राहिले. "अबे, आज कापसाच्या नंबरची नोंदनी सुरू झाली ना दहा वाजता! सारं गाव त्याच्यावरच बसलं हाये!" तरी त्यांनी आत तोंड करून आवाज दिला, "ए, ठेवा बे खाली फोन! सारे!" मग पुन्हा बाहेर. "ठेवले! आता आलं का?"

घरातून दीपाचा आवाज आला, "नाही बाबा."

बापूजींचं घर थांबलं, पण त्यांच्या डब्ब्यावर बाकीची दहा घरं होती, सगळी भरल्या घागरीची. कापूस विकायचा तर आज नंबर लागला पाहिजे. कोणाला थांबवणार? आणि त्यातला एक थांबला की त्याचं दुसऱ्या भरल्या घागरीला जाणार, रितीला शेवटी. मशीन नियमानं चाललं होतं.

"माही घागर देऊन टाक ना तिले!" बापूजी ओरडले. "भरून वाहून राह्यली! मले काय तिचं लोनचं घालाचं हाये?"

"देता येत नाही जी ते!"

"कोनी केला बे असा नियम?"

धर्मपाल शिडीकडं वळला. बापूजींनाही मग ती मीटिंग आठवली असावी. त्यांनी मोटारसायकल काढायला लावली आणि नातवाच्या मागं बसून चिंचेकडं निघाले, नागपूरला फोन करून सांगायला की पोरगी इथं बसली आहे, तयार आहे, जरा थांबा.

धर्मपाल शिडीवरून उडी मारून धावत सुटला. दहा वाजून वीस मिनिटं. धुरा ओलांडला, वावरातली ढेकळं तुडवली, नाल्याच्या दगडांवरून घसरला, पुन्हा उठला. पंचावन्न वर्षांचं शरीर, वर ऊन असं की टाळू भाजावी. टेकडीच्या निम्म्यात त्याला कळलं की वर पोचेपर्यंत पावणेअकरा होतील, आणि बटन दाबल्यावरही डब्ब्याला वाट शोधायला पाच मिनिटं लागतात. कळलं तरी पाय चालतच राहिले.

पोडाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला. बाहेरच्या माणसाला बंदी, साऱ्या गावांनी तेव्हा तसंच केलं होतं. आत कोंबड्या फिरत होत्या. लेतूचं दार नुसतं कडीनं लावलेलं, कुलूप नाही. बटन दारामागं, हात घातला की सापडेल अशा जागी. त्यानंच बसवलं होतं.

धर्मपालनं बांबूवर हात ठेवला. तो शिक्क्याच्या घरातला माणूस. पोडावर वीसेक घरं, लहान लेकरं, म्हातारे. यातल्या एकालाही काही झालं तर दवाखाना मारेगावला आणि जायला गाडी नाही. शिवाय कोणी नसताना कोणाच्या दारात शिरणं त्याच्या पायांना माहीतच नव्हतं. फोन पाहिला. अकराला दहा कमी. तो बांबूच्या अलीकडं एका दगडावर बसला आणि कोंबड्या पाहत राहिला.

दुपारी लेतू आला. डोक्यावर पानांचं ओझं, त्याच्यामागं त्याची बायको, तिच्याही डोक्यावर ओझं.

"काहून बसला भाऊ इथं, उन्हात?"

"काही नाही. तू बटन चालू कर पाहू."

लेतूनं ओझं उतरवलं, आत गेला. थोड्या वेळानं धर्मपालच्या खिशात फोन वाजला. दीपाचे दोन निरोप आले होते. पहिला साडेदहाचा, "बाबा पोचले का". दुसरा अकराचा, "बाबा, त्याइनं दुसऱ्या पोरीले घेतलं. बापूजीचा फोन लागला होता, पन ते म्हने आता नाही होत. तुमी उन्हाचे धावू नोका."

लेतू बाहेर आला. धर्मपालचं तोंड पाहून थबकला. "चुकलं का काही? तू सांगतलं तसंच केलं. जातानी बंद."

"नाही. बराबर केलं तू."

"पानी देऊ?"

"दे."

लेतूनं बांबूच्या अलीकडं गडवा ठेवला आणि मागं सरला. धर्मपाल प्याला. उरलेलं डोक्यावर ओतलं. तेवढ्यात लेतूला काही आठवलं. त्यानं पोराचा फोन आणून दुरूनच वर धरला.

"हे पाह्य ना भाऊ. दोन महिन्यापासून हे घागर भरून हाये, काठालोक. पोट्टे म्हंते आपली हाये. आमी तं काही पाहत नाही. सांजीले एखादं गानं. मले कायले लागते एवढं? तू घेऊन जा."

धर्मपालनं त्या चित्राकडं पाहिलं. तीन संध्याकाळचा दीपाचा चेहरा, तिचं सलाईन, तिचा बीपी, सारं त्या घागरीत जाऊन बसलं होतं.

"नेता नाही येत रे."

"ओतता?"

"ओतताही नाही येत."

लेतूनं फोनकडं पाहिलं, मग धर्मपालकडं. त्याला ती वस्तू काही समजली नाही. घागर भरली आहे आणि ओतता येत नाही, तर मग ती भरायची तरी कशाला. पण त्यानं दुसरंच विचारलं.

"अजून चार दिवस पान हाये. मंग उद्या चालू ठेवू का बंद करू?"

धर्मपाल उठला. गुडघा झटकला. टेकडीवरून खाली सारं गाव दिसत होतं, पाण्याची टाकी, बापूजींची माडी, आणि टोकाला त्याचं टिनाचं छप्पर, त्याला टेकून शिडी तशीच उभी. चालू ठेवलं तर दिवसभर बॅटरी खाणार, आणि रात्री लेतूचे दोन्ही बल्ब विझणार. कशासाठी ठेवायचं, ते आता उरलंही नव्हतं.

"बंद करत जा," तो म्हणाला, आणि टेकडी उतरू लागला.